बीजाणुनिर्मितीचे संकेत-नियंत्रण

उपासमार झाली की बॅसिलस, क्लॉस्ट्रिडियम यांसारखे जीवाणू पेशीच्या आतच एक कणखर, सुप्त अंतर्बीजाणू तयार करतात. फर्डिनांड कोन यांनी १८७६ मध्ये बॅसिलस सबटिलिसमधील अंतर्बीजाणूंचे वर्णन केले. उकळत्या पाण्यालाही ते दाद देत नाहीत. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंश सेल्सिअसची वाफ लागते ती यांच्यामुळेच.

बीजाणू बनण्याची प्रक्रिया सात-आठ तास चालते, ठरावीक टप्प्यानंतर मागे फिरता येत नाही आणि अखेरीस मातृपेशी, म्हणजे बीजाणूला पोटात वाढवणारी पेशी, मरते. त्यामुळे निर्णय होता होईल तो लांबवण्याकडेच बॅसिलस सबटिलिसच्या नियंत्रण-यंत्रणेचा कल दिसतो.

या यंत्रणेच्या केंद्रस्थानी आहे स्पो०ए हे प्रथिन. फॉस्फेट गट जोडला गेला की ते जनुकांना चालू-बंद करू लागते. मात्र हा फॉस्फेट त्याला थेट मिळत नाही. किन-ए व इतर किनेज विकरे (फॉस्फेट जोडणारी प्रथिने) तो आधी स्पो०एफला देतात, तिथून तो स्पो०बीकडे आणि मग स्पो०एकडे जातो. एवढी लांब साखळी कशासाठी? वाटेत अडवायला जागा मिळते म्हणून, असे म्हणता येईल. रॅप-ए हे प्रथिन स्पो०एफवरचा फॉस्फेट काढून टाकते, तर स्पो०ई थेट स्पो०एवरचा. डीएनएची प्रतिकृती बनत असेल किंवा त्याला इजा झाली असेल, तर एसडीए हे छोटे प्रथिन किन-एलाच रोखून धरते. पेशी पाच अमिनो आम्लांचे एक पेप्टाइडही तयार करतात. ते बाहेरून पुन्हा आत शिरले की रॅप-ए निष्प्रभ होते आणि अडसर दूर होतो.

स्पो०ए-फॉस्फेट थोडाच असताना जैवपटल (पेशींचा एकत्र चिकटलेला थर) बांधणे, शेजारच्या पेशी मारून त्यांच्यावर गुजराण करणे असे उपाय आधी होतात. बीजाणूची जनुके बरीच जास्त पातळी मागतात. प्रयोगात सक्रिय स्पो०ए एकदम भरपूर निर्माण केले, तर बीजाणू नीट बनत नाहीत. पातळी हळूहळूच चढावी लागते. प्रयोगशाळेत एकत्र वाढवलेल्या पेशींपैकी काही हा उंबरठा ओलांडतात, काही अलीकडेच थांबतात.

उंबरठा ओलांडल्यावर पेशी एका टोकाजवळ विभागते. लहान कप्प्यात आधी गुणसूत्राचा जेमतेम एक-तृतीयांश भाग असतो, उरलेला स्पो३ई हा पंप आत ओढतो. पुढे जनुके चालू करणाऱ्या प्रथिनांपैकी सिग्मा-एफ लहान कप्प्यात, सिग्मा-ई मातृपेशीत, मग सिग्मा-जी आणि सिग्मा-के, असे घटक दोन्ही बाजूंनी आळीपाळीने जागे होतात. सिग्मा-एफ सोडता प्रत्येकाला पलीकडून इशारा यावा लागतो.

क्लॉस्ट्रिडियममध्ये मात्र मधले दुवे नाहीत. तिथे किनेज विकरे स्पो०एला थेट फॉस्फेट देतात.