काविळीचा पाला औषधांच्या दुष्परिणामापर्यंत कसा आला

विदर्भात कावीळ झाली की एरंडाच्या कोवळ्या पानांचा रस उपाशीपोटी घ्या, असा सल्ला आजही मिळतो. भुईआवळी, पालेकिराईत, शरपुंखा ही नावंही त्याच परंपरेतली. ही परंपरा डोळ्यांचा पिवळेपणा पाहून उपचार करणारी होती. औषधानेच यकृत बिघडलं तर काय करायचं, हा प्रश्न तिच्यापुढे आजच्यासारखा आलाच नव्हता, कारण ती औषधं तेव्हा नव्हती.

1952 मध्ये क्षयावर आयसोनियाझिड आलं, पुढे रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइडची जोड मिळाली. या तिन्ही औषधांनी यकृताला इजा होऊ शकते. इजा झाली तर गोळ्या थांबवाव्या लागतात, आणि उपचार लांबला की टीबी पुन्हा डोकं वर काढतो. विदर्भातून, शेजारच्या मध्य प्रदेशातून नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या मजुराला हे परवडणारं नाही. यकृत जपणाऱ्या पाल्याचा शोध मला म्हणूनच मोलाचा वाटतो.

प्रयोगशाळेची वाट वेगळी. तिथे आधी उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड देऊन यकृत बिघडवत. 1966 मध्ये ब्रिटनमधून पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने यकृत निकामी झाल्याच्या नोंदी आल्या. 1973 मध्ये कारण उलगडलं: यकृतातली विकरं (एन्झाइम) या गोळीचा थोडा भाग विषारी रूपात बदलतात, पेशींतलं ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य ते विष निष्प्रभ करतं, आणि त्याचा साठा संपला की पेशी मरू लागतात. संशोधकांना हातात धरता येईल असा नमुना मिळाला. 1968 मध्ये मिल्क थिसल या काटेरी वनस्पतीच्या बियांतून सिलिमारिन हे यकृत जपणारं मानलं जाणारं द्रव्य वेगळं काढलेलं होतंच, ते तुलनेचं माप ठरलं. उंदराला पानांचा अर्क द्यायचा, मग पॅरासिटामॉल, मग एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं विकर, मोजायचं, अशी चौकट बसली. नागपूर-कामठीच्या फार्मसी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना ती तोंडपाठ असेल.

या चौकटीत अर्क बहुधा विषाच्या आधी दिला जातो. अतिमात्रा घेतलेला रुग्ण मात्र नंतर दवाखान्यात येतो, आणि त्याच्यासाठी एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा 1970 च्या दशकापासून आहे. टीबीच्या रुग्णाचं तसं नाही. त्याच्या गोळ्या कधी सुरू होणार हे आधीच माहीत असतं, त्यामुळे आधीपासून द्यायचं संरक्षण खरं तर तिथेच लागू पडतं. पण एक अडचण उरते. अर्काने विष तयार करणारी ती विकरंच दाबली, तर उंदीर वाचतो तो विष तयार न झाल्यामुळे; यकृत बळकट झालं असं त्यावरून म्हणता येत नाही. तोच अर्क टीबीच्या औषधांचं रक्तातलं प्रमाणही बदलू शकतो. हे माणसांत तपासल्याशिवाय उंदरांवरचा निकाल रुग्णापर्यंत नेऊ नये.

भुईआवळीचा अनुभव ताजा ठेवण्यासारखा आहे. 1988 मध्ये चेन्नईच्या अभ्यासात भुईआवळी दिलेल्या हिपॅटायटिस बीच्या वाहकांपैकी 59 टक्क्यांच्या रक्तातून विषाणूचा पृष्ठभागावरचा अंश नाहीसा झाल्याचं दिसलं. नंतरच्या चाचण्यांत तसं यश पुन्हा मिळालं नाही. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्यांत यकृताला इजा झाल्याची नोंद केली, तर आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख चुकली असू शकते असं म्हटलं. दोन्ही बाजू मान्य केल्या तरी एक गोष्ट उरतेच: बाजारातली पुडी नेमकी कुठल्या वेलीची, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही. म्हणून टीबीच्या गोळ्या चालू असताना भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद झाली, तर पाला शोधण्याआधी एसजीपीटी तपासून घ्यावं आणि गोळ्या देणाऱ्या डॉक्टरला सांगावं.