कंटिन्युएशन की रेप्लिका? बंद पडलेली स्पोर्ट्स कार पुन्हा बांधली की ती कोण ठरते

बंद पडलेली एखादी जुनी स्पोर्ट्स कार कुणीतरी पुन्हा हातानं बांधायला घेतं, वर्षाला मोजक्याच. फोटो व्हॉट्सॲपवर फिरत फिरत बेळगावात येतो आणि लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "कंपनीनंच परत काढलीय." दुसरा म्हणतो, "छे, डुप्लिकेट आहे." दोघंही गाडीकडे बघून बोलतात आणि घोळ तिथंच होतो. कंटिन्युएशन आणि रेप्लिका यांतला फरक गाडीच्या अंगावर दिसत नाही. तो तिच्या मागच्या कागदांत, साच्यांत आणि ड्रॉइंगांत असतो.

थोडक्यात सांगायचं तर, मूळ कंपनीनं किंवा तिच्याकडून रीतसर हक्क घेतलेल्यानं तीच गाडी पुढे बांधली तर ती कंटिन्युएशन. मध्ये पन्नास वर्षांचा खंड पडला तरी चालतं. हक्क नसताना, उभ्या गाडीवरून किंवा फोटोंवरून मापं काढून तशीच दुसरी बांधली, तर ती रेप्लिका. रेप्लिका म्हणजे फसवणूक नव्हे. बांधणाऱ्यानं उघड सांगितलं तर तीही कष्टाचीच गाडी. फसवणूक होते ती विकताना.

सगळ्यात सरळ उदाहरण जॅग्वारचं. ई-टाइपची हलकी, ॲल्युमिनियम बॉडीची रेसिंग आवृत्ती 1963 मध्ये निघाली. बांधायच्या होत्या 18, बांधल्या गेल्या 12. उरलेले सहा चासी नंबर नुसते वहीत राहिले. 2014 मध्ये कंपनीनं ते सहा नंबर वापरून सहा गाड्या हातानं बांधायचं जाहीर केलं. जॅग्वारच्याच एक्सकेएसएस या दुसऱ्या गाडीचं कारण वेगळं होतं. फेब्रुवारी 1957 मध्ये कंपनीच्या ब्राउन्स लेनच्या कारखान्याला आग लागली आणि 25 पैकी नऊ गाड्या गेल्या. त्या नऊ भरून काढायचं 2016 मध्ये ठरलं.

त्या सहा ई-टाइपसाठी कंपनीनं मूळ बॉडीचं आतून-बाहेरून स्कॅनिंग केलं. जुनी बॉडी हातानं ठोकलेली, त्यामुळे डावी-उजवी बाजू मिलिमीटरला मिलिमीटर जुळणं अवघडच. म्हणून एका बाजूचं माप घेतलं आणि तेच उलटवून दुसऱ्या बाजूला वापरलं. म्हणजे 2014 ची गाडी 1963 च्या गाडीपेक्षा जास्त समसमान आहे. "हुबेहूब आहे म्हणून ओरिजनल" या म्हणण्याला इथंच खीळ बसते. कंपनीची गाडीसुद्धा हुबेहूब नाही, तरी ती कंटिन्युएशनच.

मला मात्र जॅग्वारपेक्षा अमेरिकेतली अवंती जास्त शिकवते, कारण तिच्यामागे बडी कंपनी नव्हती. स्टुडबेकर कंपनीनं फायबर बॉडीची ही देखणी गाडी 1962 मध्ये आणली. डिसेंबर 1963 मध्ये साउथ बेंडचा कारखाना बंद झाला आणि गाडीही गेली. तेव्हा त्याच गावातले दोन विक्रेते, नेट ऑल्टमन आणि लिओ न्यूमन, पुढे आले. त्यांनी अवंतीचे हक्क, साचे, जिग (जोडणीचे सांगाडे) आणि जुन्या कारखान्याचा एक भाग विकत घेतला आणि 1965 पासून 'अवंती टू' या नावानं गाडी हातानं बांधायला सुरुवात केली. गिऱ्हाइकानं सीटचं कापड, रंग निवडायचा आणि त्याप्रमाणे गाडी तयार व्हायची. स्टुडबेकरचं इंजिन बंद झालेलं, म्हणून शेव्हरोलेचं 327 क्युबिक इंचाचं बसवलं. मालक बदलत गेले, तरी अवंती थांबत-थांबत 2006 पर्यंत निघत राहिली.

इंजिन परक्या कंपनीचं, बांधणारे मूळ कंपनीचे नव्हेत, तरी अवंती टू कंटिन्युएशन ठरते. साचे तेच, हक्क लेखी आणि काम जिथं थांबलं तिथून पुढे सुरू झालेलं. इंग्लंडमध्ये केटरहॅम कंपनीनं 1973 मध्ये लोटस कंपनीकडून 'सेव्हन' या स्पोर्ट्स कारचे हक्क घेतले तेही याच जातीचं. कोब्रा या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात. तिचा मूळ कर्ता कॅरल शेल्बी, खुद्द त्याच्या कंपनीनं सीएसएक्स 4000 मालिकेतल्या कंटिन्युएशन गाड्या काढल्या, आणि जगभरच्या लहानमोठ्या वर्कशॉपनी कोब्राच्या असंख्य रेप्लिका बांधल्या. काही रेप्लिका कामाला फार चांगल्या आहेत. चांगलं काम हे काही वंशावळीचा पुरावा होत नाही, एवढंच.

अवंती फायबरची होती म्हणून तगली, असं मला वाटतं. पत्र्याच्या बॉडीला प्रेस आणि डाय लागतात. तो खर्च हजारो गाड्यांवर वाटला तरच परवडतो. फायबरला साचा, मॅट, रेझिन, हार्डनर आणि धीर पुरतो. ॲल्युमिनियम असेल तर इंग्लिश व्हील (पत्र्याला गोलाई देणारं चाक) आणि हातोडी. म्हणून थोड्या संख्येनं बांधलेल्या बहुतेक गाड्या फायबरच्या नाहीतर हातानं ठोकलेल्या ॲल्युमिनियमच्या दिसतात.

आता आपल्या बेळगावच्या उद्यमबागेकडे येऊ. तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडच्या या भागात ज्यांच्या घरी फाउंड्री किंवा मशीन शॉप आहे, त्यांना ड्रॉइंगचं महत्त्व एका वाक्यात कळेल: जुना पार्टच पॅटर्न (साचा उमटवायचा नमुना) म्हणून वाळूत दाबला, तर नवा पार्ट लहान येतो. ॲल्युमिनियम गार होताना साधारण 1.3 टक्का आकसतं, बीड साधारण 1 टक्का. समजा जुन्या स्पोर्ट्स कारचा इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा पार्ट) 400 मिलिमीटर लांब आहे. थेट त्यावरून साचा घेतला तर कास्टिंग सुमारे 5 मिलिमीटर आखूड निघेल. स्टडची भोकं सिलिंडर हेडशी जुळणार नाहीत. जिथं फेसिंग मारायचं, म्हणजे मशीनवर तोंड सपाट करायचं, तिथं आधीच मटेरियल कमी, त्यामुळे मशीनवर घ्यायला काही उरत नाही. जाणता पॅटर्नवाला म्हणून आकसण्याचं माप वाढवून, मशीनिंगसाठी दोन-तीन मिलिमीटर राखून पॅटर्न नव्यानं बनवतो. पण त्यालाही प्रश्न पडतोच: समोरच्या पार्टवरचं कुठलं माप मूळचं आणि कुठलं पन्नास वर्षांत झिजून झालेलं? बुशची जागा अंडाकृती झालीय, फ्लॅंज कुणीतरी कधीतरी घासलीय, एक कान वेल्ड केलेला आहे. हातात ड्रॉइंग असेल तर टॉलरन्ससकट (मापात किती फरक चालेल त्यासकट) उत्तर कागदावर असतं. नसेल तर अनुभवानं ठरवावं लागतं, आणि दोन पॅटर्नवाले दोन उत्तरं देतात.

कंटिन्युएशन आणि रेप्लिका यांतला कारागिरीचा खरा फरक हाच. पहिल्यात शक्यतो ड्रॉइंगवरून पार्ट होतो, दुसऱ्यात पार्टवरून पार्ट. फायबरचंही तसंच. उभ्या गाडीवर मेण लावून साचा काढला की तिच्या दारावरची जुनी पोटीन, बॉनेटवर बसवलेला पोचा, सगळं साच्यात उतरतं आणि पुढच्या प्रत्येक गाडीत छापलं जातं. हात दोन्हीकडे तेवढेच तयार लागतात. उलट ड्रॉइंग नसलेल्याची परीक्षा जास्त कडक, हे मी आदरानं म्हणतो.

कायद्याचा भाग कोरडा आहे, पण पैसे त्यातच अडकतात. अमेरिकेत 2015 च्या कायद्यानं लहान उत्पादकाला वर्षाला 325 गाड्यांपर्यंत सुरक्षा नियमांतून सवलत दिली. अट अशी की गाडीचं रूप किमान 25 वर्षं जुन्या मॉडेलचं हवं आणि मूळ हक्कदाराची परवानगी हवी. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम 126 प्रमाणे नव्या गाडीचा नमुना एआरएआयसारख्या मान्य संस्थेकडे तपासणीला जातो. कंटिन्युएशन असो वा रेप्लिका, आज बांधली तर आरटीओला ती आजचीच गाडी. 50 वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी 2021 मध्ये जी व्हिंटेज नोंदणी आली, ती मूळ रूपात टिकलेल्या गाड्यांना. नव्यानं बांधलेल्या गाडीला ती वाट नाही. कुणी जुन्या ॲम्बेसेडरच्या आरसीवर नवी स्पोर्ट्स बॉडी चढवून बेळगावची केए 22 पाटी तशीच ठेवली, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. आरसीवरच्या कंपनीच्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे.

म्हणून कुणी "कंटिन्युएशन आहे" म्हणून गाडी दाखवली, तर बॉनेट उघडायच्या आधी कागद मागा. हक्क कुणाकडून आले, चासी नंबर कुठल्या मालिकेतला, साचे कुठून मिळाले. उत्तर "सगळं सेम टू सेम आहे" एवढंच आलं, तर ती रेप्लिका समजून भाव करा.

आणखी दोन गोष्टी यांत मिसळल्या जातात. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला निघणारी मेबॅक ही जपलेली मूळ गाडी, तिचा इथं संबंध नाही. जावा मोटरसायकलचं प्रकरण तिसरंच. म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला आणि 2018 मध्ये जावा परत आली ती नव्या इंजिनाची, नव्या फ्रेमची, मोठ्या कारखान्यातली. तिथं पुन्हा जिवंत झालं ते नाव, यंत्र नव्हे. येझदीवर जीव असणाऱ्या आमच्याकडच्या लोकांना हे सांगताना वाईट वाटतं, पण तसं आहे.

आपल्या सगळ्यात जवळचं उदाहरण चोर्ला घाट उतरल्यावर सापडतं. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म दोन सीटची, उघड्या टपाची, फायबर बॉडीची, रेनॉच्या इंजिनाची होती. ती आता बंद आहे. फायबरची म्हणजे प्रेस-डाय नकोत. ब्रॅकेट, हब, कास्टिंग उद्यमबागेत होण्यासारखी. उद्या कुणी तिचे हक्क आणि साचे रीतसर घेऊन, नियम 126 ची तपासणी पार करून वर्षाला दहा गाड्या बांधल्या, तर ती अवंतीच्या वाटेची कंटिन्युएशन होईल. साचे न मिळता कुणाच्या दारातल्या स्टॉर्मवरून साचा काढला, तर गाडी तितकीच सुंदर होईल, पण रेप्लिका म्हणूनच विकावी लागेल. आपल्याकडच्या पॅटर्नवाल्याला यातलं कुठलंही काम जमेल. सुरुवात मात्र वकिलाकडून आणि हक्कांच्या कागदांपासून करावी लागेल.