पेटी कॅमेरा

पेटी कॅमेरा : एक भिंग, एकच शटरवेग आणि कायम केलेले केंद्रीकरण (फोकस) असलेला, रोल फिल्मवर चालणारा साधा कॅमेरा. पुठ्ठ्याच्या, पत्र्याच्या किंवा बेकेलाइटच्या पेटीत पुढे भिंग, मागे फिल्म, एवढीच त्याची रचना. कृष्णधवल छायाचित्रणासाठी तो आजही हौशीने वापरला जातो.

त्याचे जनकत्व बहुधा जॉर्ज ईस्टमन यांच्या १८८८ च्या कोडॅक कॅमेऱ्याकडे दिले जाते. २५ डॉलरच्या या कॅमेऱ्यात १०० गोल चित्रे निघत. मात्र फिल्म संपली की अख्खा कॅमेरा कारखान्यात धाडावा लागे. म्हणून काही अभ्यासक हा मान सॅम्युएल टर्नर यांच्या ‘बुल्स-आय’ला (सु. १८९२) देतात. त्याची फिल्म आकडे छापलेल्या कागदासह गुंडाळलेली असल्याने उजेडात भरता येई आणि मागच्या तांबड्या खिडकीतून आकडा दिसे. टर्नर यांची कंपनी ईस्टमन यांनी १८९५ मध्ये विकत घेतली. ईस्टमन यांच्यासाठी फ्रँक ब्राउनेल यांनी रचलेला, एक डॉलरचा ब्राउनी (१९००) आणि १२० क्रमांकाची फिल्म रूढ करणारा ब्राउनी क्र. २ (१९०१) टर्नर यांचीच पद्धत चालवतात. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

एकेरी मेनिस्कस (एका बाजूने फुगीर, दुसरीने खोलगट) भिंगात वर्णविपथन, म्हणजे वेगवेगळे रंग एकाच जागी केंद्रित न होण्याचा दोष, राहतेच. रंगीत फिल्मवर त्याच्या रंगीत कडा दिसतात, कृष्णधवल फिल्मवर फक्त किंचित मऊपणा येतो. मध्य बऱ्यापैकी रेखीव आणि कोपरे विरघळलेले, ही या चित्रांची ओळख. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबडा प्रकाश टिपतच नसल्याने दोष आणखी झाकला जाई. सर्व रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म मात्र तांबड्या खिडकीतूनही धुरकटते. फिल्म पुढे सरकवतानाच, तीही सावलीत, खिडकी उघडून लगेच झाकावी.

छिद्र साधारण एफ/११ ते एफ/१६ (आकडा मोठा तितके छिद्र लहान) आणि शटर सेकंदाच्या सुमारे १/५०. एफ/११ धरल्यास लख्ख उन्हात १०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मच्या प्रकाशसंवेदनशीलतेचे माप) फिल्मवर दोन स्टॉप जादा प्रकाश पडतो; एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट किंवा निमपट. निगेटिव्ह तो सहज सोसते. दाट ढगाळ दिवशी एक स्टॉप कमी पडतो, तेव्हा ४०० ची फिल्म बरी. विषय अडीच-तीन मीटरच्या आत आला की अस्पष्ट होतो. अनेक ब्राउनींच्या शटरला चाप चढवावा लागत नाही : खटका खाली दाबला तरी उघडतो, वर ओढला तरी. सवयीने खटका जागेवर आणायला गेले की त्याच फ्रेमवर दुसरे चित्र पडते.

नंतरच्या अनेक मॉडेलांना ६२० क्रमांकाची फिल्म लागते. फिल्म १२० चीच, फक्त रीळ बारीक. मोठ्या कंपन्यांनी ती बंद केल्यामुळे संपूर्ण अंधारात १२० फिल्म आधी एका रिकाम्या रिळावर उलट गुंडाळतात, मग तिथून ६२० च्या रिळावर. फिल्म कागदाला एकाच टोकाला चिकटवलेली असते. गुंडाळी करताना तिथे फुगा येतो. तो तसाच दाबला तर फिल्मला घडी पडते. चिकटपट्टी हलकेच सोडवून फिल्म सपाट करावी, पट्टी पुन्हा लावावी. गुंडाळी सैल राहिली तर कडांनी प्रकाश शिरतो आणि निगेटिव्हच्या काठावर काळे पट्टे उमटतात.