पितळेची पुंगळी आणि तीन गोळ्यांचा पुरावा

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत नोव्हेंबर संपता संपता हरणांच्या शिकारीचा रायफल हंगाम सुरू होतो. त्याआधी कित्येक घरांच्या गॅरेजमध्ये काडतुसं भरण्याचं काम चाललेलं असतं. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकायची नाही. तिला पुन्हा मापात आणायचं, बुडाला नवा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, बसवायचा, आत दारू भरायची, तोंडाशी नवी गोळी. याला म्हणतात रीलोडिंग. काम एकट्यानं, मुकाट्यानं करायचं. पण ते करणारे दोघं एकत्र आले की वाद ठरलेला. आमटीत गूळ घालावा की नाही, यावर आपल्याकडे होतो तसाच, आणि तितक्याच तावातावानं.

सगळ्यात जुना वाद पुंगळी मापात कशी आणायची याचा. तिकडच्या शिकाऱ्यांच्या लाडक्या '.३०-०६' काडतुसात बार उडताना दाब सुमारे चार हजार वातावरणांपर्यंत चढतो, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या मागच्या पोकळीच्या, भिंतीला चिकटते आणि तापलेला वायू मागे, म्हणजे माणसाच्या तोंडाकडे, येऊ देत नाही. दाब उतरला की ती किंचित आक्रसते, म्हणून बोल्ट, म्हणजे चेंबरचं मागचं तोंड मिटणारा दांडा, ओढल्यावर सुटून येते. पण मूळ मापावर काही ती जात नाही. झाडलेली पुंगळी म्हणजे त्या एका बंदुकीच्या चेंबरचा घेतलेला ठसाच.

एक पक्ष म्हणतो, इतकं बेतशीर माप आयतं मिळालंय तर मोडता कशाला? गोळी धरण्यापुरती मान, म्हणजे तोंडाजवळचा अरुंद भाग, आवळा, बाकी अंगाला हात लावू नका. पितळ कमी वाकवलं तर ते टिकतंही जास्त. दुसरा पक्ष सगळी पुंगळी साच्यातून काढतो आणि मानेखालचा उतरता खांदा एक-दोन सहस्रांश इंच मागे ढकलतो, म्हणजे काडतूस दर वेळी विनासायास आत जातं. माझं मत दुसऱ्यांच्या बाजूनं. नुसती मान आवळलेली पुंगळी दर बाराला थोडी वाढत जाते आणि एक दिवस बोल्ट मिटता मिटत नाही. तो दिवस थंडीतल्या पहाटेचा, समोर हरीण उभं असतानाचा असला, तर बेतशीर मापाचं कौतुक राहत नाही. मात्र खांदा हवा त्याहून जास्त ढकलला तर पुंगळी बुडाच्या जरा वर ताणली जाते. तिथं ती आतून पातळ होते, बाहेर चकचकीत कडं उमटतं आणि शेवटी तिथूनच तुटते.

दुसरा वाद पुंगळीची मान तापवण्याचा, आणि तो समजायला पुण्याची तांबट आळी बरी. तांबट भांडं ठोकत जातो तसा धातू कडक होत जातो. मग तो भट्टीत तापवून मऊ करायचा आणि पुन्हा ठोकायचा. शेवटचं मठारकाम झालं की मात्र तापवायचं नाही, कारण तो कडकपणाच भांड्याला हवा असतो. पुंगळीतही हेच घडतं. तिच्या पितळात ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. दर बाराला फुगणं, दर वेळी आवळलं जाणं, यानं त्याच्या स्फटिकांची रचना विस्कटते, मान ताठरते आणि तडकते. मान तापवली की नवे स्फटिक जमतात. पुंगळीचं आयुष्य यानं वाढतं यावर फारसं दुमत नाही. दर बारानंतर तापवावं की चार-पाच बारांनंतर, आणि नेम त्यानं खरंच सुधारतो का, यावर आहे. बुडाला आच लागता कामा नये, हे मात्र सगळेच मानतात. दाब सोसायचा तो बुडानं.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार संपली, त्यामुळे हे वाद परके वाटतात. पण पितळ तडकण्याचं एक कोडं आपल्याच पावसाळ्यानं घातलं होतं. ब्रिटिश फौजेची भारतातली काडतुसं पावसाळ्यात, न झाडताच, तडकत. ती अनेकदा तबेल्यांत ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी ओढून घडवताना पितळात कोंडलेला ताण अशा तिघांची ती करणी, हे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये मांडलं. हलकी आच देऊन ताण उतरवणं, हा उपाय. पुंगळ्या उजळायला अमोनियाचं पॉलिश नको, असं आजचे जाणते सांगतात त्याचं मूळ इथं आहे.

आता या सगळ्या वादांत पुरावा म्हणून काय पुढे येतं? बहुतेक वेळा कागदावरची तीन भोकं. 'माझी पद्धत बघ, तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकतात.' पण तीन गोळ्या फार कमी सांगतात. बंदूक तीच, काडतूस तेच, तरी दहा गोळ्यांचा पसारा तीन गोळ्यांच्या पसाऱ्याच्या सरासरी दीडपटीहून जास्त निघतो. टोकाला जाणाऱ्या गोळीला संधीच जास्त मिळते. वेगाचंही तसंच. पाच बारांवरून वेगातला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, सेकंदाला ३ मीटर निघालं, तर खरा आकडा २ च्या खाली किंवा ८ च्या वरही असू शकतो. इतक्या धुक्यात दोन पद्धतींतला बारीक फरक दिसणार कसा? दोघंही आपापल्या तीन भोकांशी प्रामाणिक असतात, म्हणून भांडण मिटत नाही.

शिवाय २०० मीटरवर वेगातला एक टक्का फरक गोळीला एक सेंटीमीटरही खालीवर करत नाही, आणि हरणाच्या छातीतला मर्माचा भाग साधारण २० सेंटीमीटरचा.

दहा गोळ्या मारून बघण्याला शिकाऱ्याची एक हरकत मात्र रास्त आहे. त्याची नळी पातळ, दहा बार सलग काढले तर तापते आणि गोळ्या सरकू लागतात. रानात तर पहिलीच, थंड नळीची गोळी मोजायची. मग दहा वेगवेगळ्या दिवशी एकच थंड गोळी मारावी, आणि कागद दर वेळी तोच लावावा.