कॅप्टन? कुठला, ते आधी विचारा

एका साखरपुड्यात मुलीकडच्या काकांनी नौदलातल्या कॅप्टनसाहेबांना कौतुकानं विचारलं, "आता मेजर कधी होताय?" साहेब पंचेचाळिशीचे. ते हसले आणि गुलाबजाम तोंडात टाकला. नौदलात मेजर हा हुद्दाच नाही, हे कुणी सांगायचं?

लष्करातला कॅप्टन सगळ्यांना ठाऊक आहे. खांद्यावर तीन स्टार, वय पंचविशीच्या आसपास, कमिशन मिळाल्यावर साधारण दोन वर्षांत मिळणारा हुद्दा. नौदलातला कॅप्टन थेट लष्करी कर्नलच्या बरोबरीचा. सब लेफ्टनंट, लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर, कमांडर एवढं पार करून, बहुतेकदा निवड होऊनच तिथं पोचता येतं. कारगिलमध्ये १९९९ साली धारातीर्थी पडलेले विक्रम बात्रा २४ वर्षांचे होते. १९७१ मध्ये दीवजवळ आयएनएस खुकरी या युद्धनौकेबरोबर समुद्रात बुडालेले महेंद्रनाथ मुल्ला ४५ वर्षांचे. दोघांच्याही नावामागे कॅप्टनच. बात्रांच्या बरोबरीचा नौदलातला अधिकारी म्हणजे लेफ्टनंट. त्यामुळे बातमीत 'नौदलाचा लेफ्टनंट' दिसला की त्याला लष्करी कॅप्टनपेक्षा कनिष्ठ धरू नका.

गणवेश समोर असेल तर सरळ सोनेरी पट्टे मोजावेत. लेफ्टनंटला दोन, कमांडरला तीन, कॅप्टनला चार, आणि सगळ्यात वरच्या पट्ट्याला वेटोळं. लेफ्टनंट कमांडरचे अडीच, म्हणजे दोन जाड पट्ट्यांच्या मधे एक बारीक.

युद्धनौकेचा प्रमुख हुद्द्यानं कमांडर असला, तरी नौकेवर त्याला 'कॅप्टन'च म्हणतात. तिथं ते पद झालं. मर्चंट नेव्हीतल्या कॅप्टनचंही तेच. चार पट्टे त्याच्याही खांद्यावर असतात, पण नौदलाच्या हुद्द्यांशी त्यांचा काही संबंध नाही.

आणि तो 'नौदलाचे सगळे पट्टे बदलले, आता शिवमुद्रा आली' असा फॉरवर्ड कृपा करून पुढे पाठवू नका. ४ डिसेंबर २०२३ च्या नौदल दिनी सिंधुदुर्गात खांद्यावरची चिन्हं बदलण्याची घोषणा झाली, ती खरी. महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन खांद्यावर आला तो अॅडमिरल मंडळींच्या. रिअर अॅडमिरलला दोन तारे, व्हाइस अॅडमिरलला तीन, अॅडमिरलला चार. कॅप्टनचे चार पट्टे होते तसेच आहेत.

लग्नपत्रिकेत नाव छापताना नौदलवाले पुढे 'आयएन', म्हणजे इंडियन नेव्ही, लावतात. ती दोन अक्षरं जागा वाचवायला म्हणून गाळू नका.