अत्यवस्थ रुग्णाला कोणते जीवनसत्त्व, आणि कशासाठी?

यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीकडच्या ग्रामीण रुग्णालयात पावसाळ्याच्या दिवसांत थोडा वेळ थांबले, तर खाटेशेजारी उभा असलेला एखादा नातेवाईक "डाक्टरसायेब, ताकतीची एक बाटली लावून द्या ना जी" अशी विनवणी करताना हमखास ऐकू येतो. ही ताकदीची बाटली म्हणजे बहुधा डेक्स्ट्रोजच्या सलाईनमध्ये मिसळलेले मल्टिव्हिटॅमिनचे इंजेक्शन असते. परिचारिका तपकिरी काचेची कुपी फोडते, त्यातले गडद पिवळे औषध सिरिंजमध्ये ओढते आणि बाटलीच्या रबरी बुचातून आत सोडते. पाहता पाहता सगळी बाटली पिवळीधमक होते. हा रंग मुख्यतः रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचा असतो. बाटली चढू लागली की घरच्यांच्या जिवात जीव येतो, आणि त्यांच्या काळजीचा मान राखलाच पाहिजे. तरीही हे सांगणे आवश्यक आहे की जीवनसत्त्वांतून शरीराला ऊर्जा मिळत नाही, आणि ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत साखर असते अवघी २५ ग्रॅम. तिच्यातून ८५ ते १०० कॅलरी मिळतात. ज्वारीची एक मध्यम आकाराची भाकरी याहून अधिक देते. शिवाय हीच बाटली उन्हे येणाऱ्या खिडकीशी तासन्‌तास टांगून ठेवली, तर तिच्यातले अ जीवनसत्त्व आणि रायबोफ्लेविन प्रकाशाने नष्ट होऊ लागते.

थकवा आला म्हणून बाटली लावून घेणाऱ्या माणसाचा प्रश्न येथेच संपतो. खरा अवघड प्रश्न आहे तो अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचा. जंतुसंसर्ग रक्तात पसरून रक्तदाब कोसळलेला, फवारणीच्या विषबाधेने व्हेंटिलेटरवर गेलेला किंवा स्क्रब टायफसच्या तापात मूत्रपिंड निकामी झालेला रुग्ण तपासला, तर त्याच्या रक्तात क, ड, अ अशा अनेक जीवनसत्त्वांची पातळी खालावलेली आढळते. मात्र या खालावण्याची कारणे निरनिराळी असतात. कधी साठा मुळातच रिकामा असतो. कधी शरीरात पेटलेल्या दाहामुळे जीवनसत्त्वे वाहून नेणारी प्रथिने रक्तातून कमी होतात आणि जीवनसत्त्वे ऊतींमध्ये सरकतात. अशा वेळी रक्तातला आकडा घसरतो, पण शरीरातला साठा तेवढा घटलेला असतोच असे नाही. कधी डायलिसिसबरोबर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे वाहून जातात. तपासणीच्या कागदावर या तिन्ही अवस्था सारख्याच दिसतात, आणि गेल्या काही वर्षांतला बराचसा वैद्यकीय गोंधळ त्यातूनच निर्माण झाला.

त्याचे ठळक उदाहरण क जीवनसत्त्वाचे आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या नॉरफोक येथील डॉ. पॉल मॅरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीव्र जंतुसंसर्गाच्या ४७ रुग्णांना त्यांनी शिरेतून क जीवनसत्त्व, हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) असे तिहेरी मिश्रण दिले होते. त्यांच्यापैकी ८.५ टक्के रुग्ण दगावले, तर त्याआधीच्या काळात हे मिश्रण न मिळालेल्या तेवढ्याच रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४०.४ टक्के होते. आकडे इतके विलक्षण होते की जगभरातल्या अनेक अतिदक्षता विभागांनी लगेच हा उपचार उचलला. पण ही तुलना आधीच्या आणि नंतरच्या काळातल्या रुग्णांची होती. अशा तुलनेत रुग्णांची निवड, इतर उपचार, कर्मचाऱ्यांची दक्षता असे सगळेच बदललेले असू शकते. म्हणून चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, कोणाला औषध आणि कोणाला नाही हे दैवावर सोपवून केलेल्या चाचण्या हाती घेण्यात आल्या. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्राझीलमधील २१६ रुग्णांवर झालेल्या २०२० च्या चाचणीत या तिहेरी मिश्रणाचा फायदा दिसला नाही. २०२२ मध्ये ८७२ रुग्णांवरील 'लोव्हिट' चाचणीचे निष्कर्ष आले, ते तर काळजीत टाकणारे होते. क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा मिळालेल्या गटात २८ व्या दिवसापर्यंत दगावलेल्या किंवा अवयव निकामीच राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण ४४.५ टक्के निघाले, आणि ज्यांना ती मिळाली नाही त्यांच्यात ३८.५ टक्के.

ही मात्रा होती वजनाच्या प्रत्येक किलोमागे ५० मिलिग्रॅम, दर ६ तासांनी. पन्नास किलो वजनाच्या शेतमजुराला तिच्याप्रमाणे दिवसाला १० ग्रॅम क जीवनसत्त्व द्यावे लागेल, म्हणजे चघळायच्या ५०० मिलिग्रॅमच्या २० गोळ्यांइतके, आणि तेही थेट शिरेत. विदर्भातल्या रुग्णालयांच्या दृष्टीने त्यातले दोन धोके विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला धोका बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर मोजणाऱ्या ग्लुकोमीटरचा. रक्तात क जीवनसत्त्व फार वाढले की काही ग्लुकोमीटर साखर आहे त्याहून जास्त दाखवतात, आणि त्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन दिले गेले, तर बेशुद्ध रुग्णाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. जेथे रात्री प्रयोगशाळा बंद असते आणि ग्लुकोमीटर हाच एक आधार असतो, तेथे ही चूक उमगायलाही वेळ लागतो. दुसरा धोका तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या जी-६-पीडी या विकराच्या (एन्झाइमच्या) जन्मजात कमतरतेचा. आपल्याकडच्या काही आदिवासी समाजांत ही कमतरता आढळते, आणि अशा व्यक्तीला क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा दिल्यास तांबड्या रक्तपेशी फुटू लागतात. क जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या ऑक्सॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचण्याची भीती वेगळीच.

ड जीवनसत्त्वाची कथा याहून थोडक्यात सांगता येते, पण ती अधिक बोलकी आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांच्यात ड जीवनसत्त्वाची कमतरता सिद्ध झाली होती अशाच १,०७८ रुग्णांचा विचार केला गेला. निम्म्या रुग्णांना एकाच वेळी ५ लाख ४० हजार युनिट देण्यात आली. आपल्याकडे आठवड्याला एक घ्यायची ६० हजार युनिटची पुडी मिळते, तशा नऊ पुड्या एकदम. औषधाने आपले काम केले. तिसऱ्या दिवशी या गटातली सरासरी पातळी मिलिलिटरमागे ४७ नॅनोग्रॅमच्या आसपास पोहोचली, दुसऱ्या गटात ती ११ च्या जवळच राहिली. तरीही ९० दिवसांतले मृत्यू औषध मिळालेल्या गटात २३.५ टक्के आणि न मिळालेल्या गटात २०.६ टक्के होते, म्हणजे जीव वाचवण्याच्या बाबतीत उपयोग शून्य. आकडा सुधारला, रुग्ण सुधारला नाही. ऑस्ट्रियात त्याआधी, २०१४ मध्ये, झालेल्या चाचणीत अतितीव्र कमतरतेच्या उपगटात मृत्यू कमी दिसले होते, पण उपगटातला असा निष्कर्ष पुढच्या चाचणीची दिशा दाखवण्यापुरताच वापरायचा असतो.

या साऱ्या चर्चेत ज्याच्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे होते आणि सर्वांत कमी दिले गेले, ते जीवनसत्त्व म्हणजे थायमिन, अर्थात ब-१. शरीरातला त्याचा एकूण साठा २५ ते ३० मिलिग्रॅमच असतो आणि रोजची गरज एक मिलिग्रॅमच्या थोडी वर असते, त्यामुळे दोन-तीन आठवडे पोटात नीट काही गेले नाही की तो आटतो. साखरेपासून ऊर्जा मिळवण्याच्या मार्गातला एक महत्त्वाचा विकर थायमिनशिवाय चालत नाही. मग पेशीपर्यंत पोहोचलेले ग्लुकोज पायरुव्हेट या मधल्या टप्प्यापाशी अडते, त्याचे लॅक्टेट होते, रक्त आम्लधर्मी बनते, हृदय दमते आणि मेंदूचा गोंधळ उडतो. लांबून पाहणाऱ्याला हे सगळे जंतुसंसर्गाच्या झटक्यासारखेच दिसते. अशा उपाशी रुग्णाला थायमिन न देता केवळ डेक्स्ट्रोज चढवले, तर उरलासुरला साठाही त्या साखरेच्या पचनात खर्ची पडतो आणि प्रकृती आणखी ढासळते.

हे पुस्तकी भय नाही. अमेरिकेत १९९७ मध्ये शिरेतून द्यायच्या मल्टिव्हिटॅमिनचा देशभर तुटवडा झाला, तेव्हा केवळ शिरेतून पोषण मिळणाऱ्या तीन रुग्णांच्या रक्तात लॅक्टेट धोकादायकरीत्या वाढल्याची नोंद तेथील रोग नियंत्रण केंद्राने केली. कारण होते थायमिनचा अभाव. बोस्टनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या ८८ रुग्णांवर केलेली चाचणी मला क आणि ड जीवनसत्त्वांच्या साऱ्या गाजलेल्या चाचण्यांपेक्षा अधिक शिकवणारी वाटते. सरसकट सर्वांना थायमिन देऊन लॅक्टेट उतरले नाही; पण सुमारे एक तृतीयांश रुग्णांत थायमिनची खरोखर कमतरता होती, आणि त्यांच्यात मात्र २४ तासांनंतरचे लॅक्टेट कमी आढळले. क्लिनिकल पोषणाच्या युरोपीय संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अतिदक्षता विभागात दाखल होणाऱ्या रुग्णांना पहिल्या काही दिवसांत रोज १०० ते ३०० मिलिग्रॅम थायमिन द्यावे असे म्हटले आहे. औषध स्वस्त आहे आणि त्याचे दुष्परिणाम क्वचितच होतात.

विदर्भात या सूचनेला दुप्पट महत्त्व आहे. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या पट्ट्यात, भात हेच मुख्य अन्न आहे. तांदूळ पॉलिश केला की थायमिनचा मोठा भाग कोंड्याबरोबर जातो, वारंवार धुतल्याने आणखी थोडा जातो, आणि भाताची पेज ओतून दिली तर उरलेल्यातलाही काही भाग जातो. रेशनच्या पोषणवर्धित तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळतात. थायमिन त्यात नसते. अनेक वर्षे दारू पिणाऱ्या माणसाच्या आतड्यात थायमिन नीट शोषले जात नाही, आणि वर्धा व गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे असले तरी असे रुग्ण तेथूनही येतातच.

के जीवनसत्त्वाबद्दल एकच गोष्ट सांगायला हवी. काहीही न खाणाऱ्या रुग्णाला दीर्घकाळ प्रतिजैविके दिली, विशेषतः सेफोपेराझोन, तर के जीवनसत्त्वाअभावी रक्त गोठण्यास वेळ लागू लागतो आणि सुईच्या जागेतूनही रक्त झिरपत राहते. येथे इंजेक्शन निश्चित कामाचे आहे.

बाकी जीवनसत्त्वे पोटावाटे अन्न सुरू झाले की आपोआप मिळू लागतात. तयार वैद्यकीय आहारातून दिवसाला १५०० कॅलरी गेल्या, तर बहुतेक जीवनसत्त्वांची रोजची गरज भागते. ग्रामीण भागात नाकातल्या नळीतून बहुतेक वेळा दूध, साखर, डाळीचे पाणी आणि केळे कुस्करून केलेले पातळ अन्न दिले जाते, आणि तेथे मात्र डॉक्टरांनी वेगळा हिशेब करून पूरक मात्रा देणे योग्य ठरते. मेळघाटातल्या अतितीव्र कुपोषित बालकांसाठी वापरल्या जाणाऱ्या उपचारात हा हिशेब आधीच केलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या एफ-७५ या दुधात जीवनसत्त्वे पुरेशी असतात, म्हणून अ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा डोळ्यांवर लक्षणे असल्यास किंवा नुकताच गोवर होऊन गेला असल्यासच देतात, आणि लोह तर बाळाची भूक परतून वजन वाढू लागेपर्यंत मुद्दाम थांबवतात, कारण सुरुवातीच्या दिवसांत ते संसर्गाला बळ देऊ शकते.

थायमिनची रक्ततपासणी तालुक्याला होत नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणाहून नमुना पाठवला तरी अहवाल येईपर्यंत थांबता येत नाही. म्हणून घरच्यांनी सांगितलेली हकिगत येथे तपासणीइतकीच मोलाची ठरते: गेल्या पंधरा दिवसांत रुग्णाने किती खाल्ले, उलट्या किती दिवस झाल्या, दारू किती आणि कधीपासून आहे, क्षयरोगाच्या गोळ्या चालू आहेत का, कारण त्यातल्या आयसोनियाझिडमुळे ब-६ कमी पडते. १०८ च्या गाडीतून रुग्णाला नागपूरच्या मेडिकलला किंवा सेवाग्रामला रेफर करताना चिठ्ठीवर या चार ओळी असल्या, तर तेथील डॉक्टरांना थायमिनचे इंजेक्शन डेक्स्ट्रोजच्या आधी देता येते.