शंभर वर्षांनंतरच्या एक कोटीची आजची किंमत

मे महिन्यात सोलापूरचा पारा 43-44 अंशांवर गेला की कट्ट्यावर कुणीतरी म्हणतंच, “पुढच्या पिढ्या आपल्यापेक्षा श्रीमंत असतील, बघतील त्यांचं त्या!” हवामानाच्या अर्थशास्त्रातलं मोठं भांडण नेमकं यावरूनच आहे.

सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतून आज निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शतकानुशतकं हवेत राहणार. आवर घालायचा खर्च आपला, फायदा पतवंडांचा. मग शंभर वर्षांनी होणारं एक कोटीचं नुकसान टाळायला आज किती खर्चावेत? व्यापारी हुंडी वटवतो तसा दरसाल वटाव, म्हणजे ठरावीक टक्के सूट, कापत आजपर्यंत मागे यायचं (महागाई आधीच वगळून). ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांच्या हवामानबदलावरच्या 2006 च्या अहवालातला वटावाचा दर होता 1.4 टक्के. उत्तर सुमारे 25 लाख. अर्थशास्त्रातले 2018 चे नोबेल मानकरी विल्यम नॉर्डहाउस यांनी सुरुवातीच्या दशकांसाठी धरलेला साधारण 5.5 टक्के दर शंभर वर्षं तसाच चालवला, तर उरतात जेमतेम 47 हजार!

दराचं सूत्र पंचविशीतल्या ब्रिटिश गणितज्ञ फ्रँक रॅम्सीच्या 1928 च्या कामातून आलं:

दर = अधीरता + (उतार × वाढ)

अधीरता म्हणजे केवळ उशिरा जन्मला म्हणून माणसाचं सुख किती कमी मोजायचं. स्टर्न 0.1 टक्के धरतात, तेही मानवजातच संपण्याच्या शक्यतेपोटी; नॉर्डहाउस 1.5. उतार म्हणजे माणूस श्रीमंत होत जाईल तसं जादा रुपयाचं मोल किती झपाट्यानं घटतं: स्टर्न यांचा 1, नॉर्डहाउस यांचा 2. वाढ दरडोई उत्पन्नाची: 1.3 आणि 2 टक्के. गुणून पाहा, दोन्ही दर मिळतात.

अधीरतेला नैतिक आधार नाही, असं रॅम्सीचं मत. मलाही ते पटतं. पण कट्ट्यावरचं वाक्य दडलंय ‘वाढी’त, आणि ती सरासरी आहे. मंगळवेढ्याच्या कोरडवाहू ज्वारीवाल्याची पतवंडं श्रीमंत होतीलच, हे कुणी ठरवलं? उष्णतेनं त्यांचं उत्पन्न दरसाल अर्धा टक्का घटत गेलं असं समजा. अधीरता शून्य, उतार 2 ठेवला, तर दर येतो उणे 1 टक्का. म्हणजे वटाव कापायचा नाही, उलट चढवायचा. त्या घरातल्या एक कोटीच्या नुकसानीसाठी आज पावणेतीन कोटी खर्चले तरी हिशोब चुकत नाही.